रस्त्यावरचा नांगर

घर्षणाचा धडा मी बावीस वर्षं शिकवतो आहे. फळ्यावर ठोकळा काढायचा, त्याला एका बाजूने ओढणारा बाण आणि दुसऱ्या बाजूने अडवणारा बाण काढायचा, मग चाकाचं उदाहरण द्यायचं. पोरं मुकाट लिहून घेतात. आणि याच बावीस वर्षांतली दोन वर्षं मी रोज रोह्याहून नागोठण्याला सायकलने जात-येत होतो: दातेरी टायर, त्यांत निम्मीशिम्मी हवा, पुढे गंजून जाम झालेला शॉकअप. शाळेत धापा टाकत पोचायचो आणि शिक्षकांच्या खोलीत खुर्चीत कोसळून सांगायचो, "सायकल फार जड आहे हो. हलकी घ्यायला हवी." विज्ञान शिकवणारा माणूस म्हणून माझ्या या मतावर कुणी शंका घेतली नाही. मीही घेतली नाही. आता लाज वाटते, म्हणून लिहितो आहे.

रोहा ते नागोठणे पंधराएक किलोमीटर. मध्ये भिसे खिंड. तिला घाट म्हणावं एवढी ती मोठी नाही, पण सायकलवर असलात तर तुम्ही तिला घाटच म्हणाल. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, पेट्रोल शंभरीपार गेलेलं होतं, आणि माझी स्कूटर तर त्याआधीच मुलीच्या क्लासच्या कामी लागलेली. तेव्हा भिंतीला टेकवून ठेवलेली गिअरची सायकल झटकली. संप पुढच्या एप्रिलात मिटला, मी मात्र एसटीकडे परत गेलो नाही. तोवर गावात माझं नाव झालं होतं. "सर सायकलवर जातात" हे वाक्य दोन-तीनदा कानावर आलं की माणूस त्या वाक्याचा गुलाम होतो.

पण वेळ फार जायचा. सकाळी जायला एक तास दहा मिनिटं, कधी सव्वा तास. म्हणजे ताशी बारा-तेरा किलोमीटर. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पाठीवर सॅक, पावसाळ्यात पार्श्वभागापासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा. शाळेत दुसरा शर्ट ठेवायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, दुसरी पँटही ठेवा, निदान मुलींच्या वर्गावर जाताना."

ही सायकल कशी आली, तेही सांगायला हवं. २०१० साली मी ती पनवेलहून घेतली. अठरा गिअर, जाड टायर, पुढे शॉकअप, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडही नाही. असल्या गोष्टी असणं म्हणजे दूधवाल्याची सायकल, असं तेव्हा वाटायचं. ती पेणला आईवडिलांच्या घरी आणली तेव्हा पडवीत वडिलांची, म्हणजे आप्पांची, काळी सायकल उभी होती. दांडीचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, डायनॅमो, मागे रुंद लोखंडी कॅरिअर. आप्पा शिर्कीच्या बाजूला खारेपाटातल्या एका प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि निवृत्त होईपर्यंत त्याच सायकलने जायचे. आठ-नऊ किलोमीटर. "अर्ध्या तासात पोचायचो," ते म्हणायचे, "आणि येताना खाडीवरचा वारा पाठीशी असला तर पंचवीस मिनिटांत." मी मनातल्या मनात हसायचो. म्हातारपणी सगळ्यांचेच जुने रस्ते लहान होतात.

जागा अडते म्हणून मी ती काळी सायकल भंगारवाल्याला दिली. तीनशे रुपये आले. आप्पा काही म्हणाले नाहीत. भंगारवाला ती हातगाडीवर चढवत असताना एवढंच म्हणाले, "कॅरिअर तरी काढून ठेव." मी काढलं नाही. पाना शोधायचा कंटाळा.

२०२३ च्या दिवाळीत मी नवी सायकल घ्यायचं ठरवलं. हायब्रिड म्हणतात तसली, बारीक टायरची, ॲल्युमिनियमची, अडतीस हजारांची. पतपेढीचा अर्ज भरून ठेवला. वजनाचा माझा हिशोब तयार होता: माझी सायकल सतरा किलो, ती बारा-तेरा. चार-पाच किलो कमी म्हणजे केवढा फरक! हा हिशोब मी खोलीतल्या तिघांना समजावून सांगितला, त्यांना पटलाही. चौथ्या, गणिताच्या बाई. त्यांनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "तुमचं वजन किती?" बहात्तर. "आणि सॅकचं?" तीन. "म्हणजे ब्याण्णवमधले चार. सव्वाचार टक्के. त्याला अडतीस हजार?" मी म्हटलं, तुम्ही सायकल चालवत नाही, तुम्हाला कळायचं नाही. माझं हे उत्तर मी आजही विसरलेलो नाही, आणि त्याही विसरलेल्या नाहीत.

अर्ज मंजूर व्हायला महिना होता. त्या महिन्यात रात्री बसून सायकलींविषयी वाचत राहिलो, आणि एक गमतीची गोष्ट हाती लागली. ज्या सायकलीला आपण माउंटन बाइक म्हणतो ती कुठल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलेली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही पोरांनी १९७० च्या दशकात तीस-चाळीस सालच्या जुन्या, फुगीर टायरच्या, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या सायकली भंगाराच्या भावात उचलल्या, त्यांना मिळतील ते ब्रेक आणि गिअर बसवले आणि डोंगरावरून खाली सोडल्या. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी उतारावरची पहिली शर्यत लावली. तिचं नाव 'रिपॅक', कारण एका उतारातच मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यांतली नावं. म्हणजे साध्या रस्त्याची जुनी सायकल कमी पैशांत डोंगराजोगी करण्यातून हा सगळा प्रकार निघाला. मग उलट का करू नये? डोंगराची जुनी सायकल रस्त्याजोगी का करू नये?

विचार चांगला होता, पण अंमलबजावणी माझी होती. रविवारी आईकडे पेणला गेलो असताना बाजारातून दोन बारीक, गुळगुळीत टायर घेतले. टायरवर स्पष्ट २६ लिहिलेलं, माझ्या जुन्या टायरवरही २६. दुकानदाराने विचारलंही, कुठल्या सायकलला? मी म्हटलं, सव्वीसचा आहे, द्या. घरी येऊन चढवतो तर टायर रिमवर बांगडीसारखा सैल फिरतो. ट्यूब भरली तर एका बाजूने बाहेर. शेवटी वाचून कळलं ते असं: माझ्या सायकलचा टायर २६ गुणिले २.१२५, दशांशातला. मी आणला तो २६ गुणिले १-३/८, अपूर्णांकातला, आपल्याकडच्या बायकांच्या आणि साध्या सायकलींना असतो तो. जिथे टायर रिमवर बसतो तिथला व्यास दशांशवाल्याचा ५५९ मिलिमीटर, अपूर्णांकवाल्याचा ५९०. नाव एक, फरक एकतीस मिलिमीटर. सव्वीस हा आकडा दोघांचंही आडनाव आहे म्हणायचं, घराणी वेगळी. दुकानदाराचा यात काही दोष नव्हता. तो विचारत होता आणि मी मास्तरकी दाखवत होतो.

ते टायर हातात घेऊन मी रोह्यातल्या एका गल्लीतल्या चाचांकडे गेलो. गल्लीत त्यांचं लहानसं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टपरी, वर टांगलेल्या ट्यूबा, खाली पाण्याचं घमेलं आणि ग्रीसचा डबा. ते पूर्वी तासावर सायकली भाड्याने द्यायचे. आता त्यांच्याकडे पोरांच्या सायकली येतात आणि रात्रपाळीला धाटावच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांच्या. मी त्यांना माझं दुःख सांगितलं: वजन, वय, खिंड, हायब्रिड. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या सायकलचा मागचा टायर अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला.

"सर, सायकल जड नाही. तुम्ही रस्त्यावर नांगर धरलाय."

मग म्हणाले, "हे दात मातीत रुतायला असतात. डांबरात कुठे रुतणार? ते नुसते वाकतात. एकेक दात वाकवायला ताकद कोण देतो? तुम्ही."

ज्या वाक्यासाठी मी फळ्यावर बाण काढत होतो ते वाक्य मला घमेल्याशेजारी बसून ऐकायला मिळालं. टायरचं रबर रस्त्यावर दबतं, वाकतं आणि सुटताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, काही उष्णता होऊन जाते. याला लोटण-घर्षण म्हणतात, आणि हे मी शिकवतो. दातेरी, जाड पाठीचा, कमी हवेचा टायर सगळ्यांत जास्त ऊर्जा गिळतो. चाचांना शब्द ठाऊक नव्हता. मला फक्त शब्दच ठाऊक होता.

मला अजूनही पूर्ण पटलं नव्हतं, हेही कबूल करतो. मी मागितले ते टायर सव्वा इंची, शर्यतीच्या सायकलीला शोभतील असे. चाचांनी सरळ नाही म्हटलं. "खिंडीतला रस्ता बघितला ना? खड्ड्यात गेला की ट्यूब रिमच्या कडेवर चिमटणार. सापाचा डंख असतो तशी दोन भोकं पडतील, शेजारी शेजारी." त्यांनी दिले ते २६ गुणिले १.७५. मधोमध गुळगुळीत, कडेला किंचित नक्षी. वर पन्नास पौंड हवा. आणि एक ताकीद: हवा आठवड्याला, पंक्चर झाल्यावर नाही.

मास्तर म्हटला की प्रयोग आलाच. आमच्या शाळेच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत छोटासा उतार आहे. जुने टायर असताना मी फाटकाच्या खांबाशी सायकल थांबवली, दोन्ही पाय उचलले आणि पायडल न मारता सायकल जिथे थांबेल तिथे नववीच्या पोरांना खडूची रेघ मारायला सांगितलं. खांबापासून चौसष्ट पावलं. दुसऱ्या दिवशी नवे टायर. तोच खांब, तोच मी, तीच सॅक. एकशेनऊ पावलं. पोरं ओरडली. एकाने विचारलं, "सर, मग आधी का नाही बदलले?" विज्ञानाच्या तासाला असे प्रश्न यावेत म्हणून आम्ही धडपडत असतो. आला तेव्हा मी म्हटलं, पुढच्या धड्याला सुरुवात करू या.

ढोबळ हिशोब मग घरी मांडला. ताशी अठराच्या वेगाला साधारण पंचेचाळीस वॅट हवा कापण्यात जातात, ते काही टळत नाहीत. जुन्या टायरांवर आणखी पन्नासच्या वर रस्त्याला द्यावे लागत, नव्यांवर त्याच्या निम्मे. माझ्यासारखा पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस तासभर शंभराच्या आतबाहेर वॅट काढू शकतो, म्हणजे पाव भाग ताकद मी दोन वर्षं टायर तापवायला वापरत होतो. गणिताच्या बाईंना हे दाखवलं. त्यांनी एक आकडेमोड दुरुस्त केली, बाकी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्याची किंमत अडतीस हजार.

चाचांनी दुसरी गोष्ट केली ती फुकट. सीट वर घेतली. मी ती इतकी खाली ठेवली होती की थांबल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. लहानपणी दांड्याखालून पाय घालून शिकलेल्या माणसाला जमिनीचा तेवढा भरवसा लागतो. पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, गुडघा थोडाच वाकलेला. "तुम्ही उकिडवे बसून सायकल चालवत होता," चाचा म्हणाले. सीटचा दांडा किती वर काढायचा याची त्यावर खूण असते, तिच्यापुढे नाही. पहिले चार दिवस सिग्नलला थांबल्यासारखा तिरका होऊन उभा राहायचो. रोह्यात सिग्नल नाही, गुरं आहेत. पण गुडघ्याचं दुखणं गेलं.

आता गिअरांचं. नवी सायकल घ्यायचं माझं एक कारण असंही होतं की माझ्या सायकलीला "टॉप कमी आहे." पुढचं मोठं चाक अठ्ठेचाळीस दातांचं बसवावं, असा सल्ला मी स्वतःलाच देत होतो. एका संध्याकाळी कागद घेऊन बसलो. पुढे ४२ दात, मागे सगळ्यांत लहान १४. एका पायडलला चाकाचे तीन फेरे. नव्या टायरांवर चाकाचा घेर दोन मीटर, म्हणजे एका पायडलला सहा मीटर. मिनिटाला पंचाहत्तर पायडलं मारली तर ताशी सत्तावीस किलोमीटर. मी सत्तावीसने कधी गेलो होतो? खिंडीच्या उतारावर, तेही ब्रेकवर हात ठेवून. जे गिअर मी सपाटीवर कधी वापरलंच नव्हतं ते मला कमी पडत होतं.

मग सहज म्हणून, कागदाच्या कोपऱ्यात, आप्पांच्या सायकलचा हिशोब केला. काळ्या सायकलींना पुढे ४४ दात, मागे १८, आणि चाक अठ्ठावीसचं, दीड इंची टायरचं. गुणोत्तर २.४४. माझ्या मधल्या चाकाचे ३४ दात भागिले १४ केले तर २.४३ येतं. अठरा गिअरांतून निवडून निवडून सपाट रस्त्यावर मी ज्या गिअरवर स्थिरावतो, ते आणि आप्पांचं एकुलतं एक गिअर, सारखंच. वर त्यांचं चाक मोठं. घेर सव्वादोन मीटरच्या जवळ, म्हणजे एका पायडलला साडेपाच मीटरच्या आसपास, माझं पाच मीटरच्या आत. मिनिटाला पंचावन्न पायडलं, शांतपणे, धोतर न मळवता मारली तरी ताशी अठरा. साडेआठ किलोमीटरला अठ्ठावीस मिनिटं. "अर्ध्या तासात पोचायचो."

त्या कागदाकडे मी बराच वेळ बघत बसलो. सरळ, फार न वाकणारे टायर, चेनकव्हरमुळे वर्षानुवर्षं स्वच्छ राहिलेली चेन, उंच सीट. ती सायकल जड होती, माझ्या सायकलीहूनही जड. पण ती माझ्याहून वेगाने जायची. आणि ती मी तीनशे रुपयांना दिली, कारण ती जुनाट दिसायची.

खिंडीपुरता मात्र मी आप्पांच्या पुढे आहे. पुढे २४, मागे २८, म्हणजे एका पायडलला दोन मीटरही नाही. मुंगीच्या पावलाने, पण बसून चढता येतं. आप्पांना खारेपाटात खिंड नव्हती, वारा होता. म्हणून एक गिअर ठेवून बाकी सगळं काढून टाकावं, हा मधेच डोक्यात आलेला विचार चाचांनी डोक्यातच ठेवायला सांगितला.

चाचांनी शॉकअप काढायला सांगितलं तेव्हा मात्र मी अडून बसलो. रस्ता असा, खड्डे असे, तुम्ही शॉकअप कसा काढायला सांगता? इथे माझं मत असं होतं की दातेरी टायर चुकले असतील, शॉकअप चुकणार नाही. चाचांनी पुढचा ब्रेक दाबायला सांगितला आणि हँडलवर सगळा भार टाकायला लावला. मी टाकला. काहीच झालं नाही. "आणखी जोरात." काहीच नाही. दोन पावसाळ्यांचं पाणी आत जाऊन तो केव्हाच जाम झाला होता. दोन वर्षं मी ज्याच्या भरवशावर खड्ड्यांतून बिनधास्त जात होतो तो एक अडीच किलोचा लोखंडी खांब होता. आणि मला वाटत होतं की हात दुखत नाहीत ते त्याच्यामुळे. हात दुखत होते, मला ते जाणवायचं नव्हतं इतकंच.

त्या जागी साधा चिमटा बसला, ब्रेक लावायला बाजूला खुंट्या असलेला, नाहीतर आपले ब्रेक बसत नाहीत. तो शॉकअपपेक्षा आखूड, त्यामुळे पुढची बाजू तीन-चार सेंटिमीटर खाली आली आणि हँडल एकदम चपळ झालं. पहिल्या दिवशी नुसतं मागे वळून बघितलं तर सायकल रस्त्याच्या कडेला. दोन दिवसांत सवय होते. खड्ड्यांचा धक्का आता रुंद टायरातली हवा घेते. उरलेला धक्का हातांना बसतो, तो बसणारच. खड्डा दिसला की सीटवरून थोडं उठायचं, हे शिकायला मला दोन वर्षं आणि एक चिमटा लागला.

पावसाचं भय शेवटपर्यंत राहिलं होतं. गुळगुळीत टायर, आणि रायगडचा पाऊस! मोटारीचा टायर झिजून गुळगुळीत झाला की पाण्यावर तरंगतो, हे खरंच आहे. पण सायकलचा टायर अरुंद आणि हवेने कडक असतो, तो पाणी कापून डांबराला टेकतो. तो पाण्यावर तरंगायला ताशी शंभर किलोमीटरच्या वर जावं लागेल. तो दिवस माझ्या आयुष्यात येणार नाही. तरी २०२४ च्या जुलैत मी पडलो. खिंडीच्या वळणावर, सागाची सडलेली पानं आणि खाली शेवाळ. कोपर सोललं. तिथे दातेरी टायर असते तरी पडलो असतो, हे मला माहीत आहे, कारण दातेरी टायर असताना त्याच वळणावर मी आदल्या वर्षी पडलो होतो. गुळगुळीत टायराला घाबरायचं ते ओल्या पानांना, पांढऱ्या पट्ट्यांना आणि रेल्वे फाटकातल्या रुळांना. रूळ काटकोनात ओलांडायचे. बाकी डांबर ओलं असलं तरी डांबरच.

खर्च एकदम सांगतो. टायर अकराशे, ट्यूबा तीनशेवीस, चिमटा सहाशे. चेन आणि मागचं फ्रीव्हील एकत्र बदलावं लागतं, नवी चेन जुन्या दातांवर घसरते, ते साडेसहाशे. ब्रेकच्या तारा आणि रबरं दोनशेऐंशी. ओव्हरॉयलिंग, म्हणजे हब आणि पायडलचा आस उघडून नवे छर्रे, नवं ग्रीस, आणि मागच्या चाकाचा आऊट काढणं, पाचशे. मडगार्ड दोनशेचाळीस. कॅरिअर तीनशेऐंशी. एकूण चार हजार सत्तर. पेणला घेतलेले ते चुकीचे टायर यात धरलेले नाहीत. ती माझी फी.

कॅरिअर घेताना चाचांनी दोन दाखवली, एक ॲल्युमिनियमचं, एक लोखंडी. मी लोखंडी घेतलं. ते जड आहे हे मला कळत होतं. सॅक पाठीवरून तिथे गेली आणि शाळेतला दुसरा शर्ट मी घरी आणला. पतपेढीचा अर्ज परत मागितला तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "मंजूर झाला होता हो सर, घेत का नाही?" सांगण्यासारखं थोडक्यात काही सुचलं नाही.

आता शाळेत जायला पन्नास मिनिटं लागतात. सरासरी अठरा. हे काही विशेष नाही, धाटावला जाणारे कितीतरी जण रोज याहून वेगाने जातात आणि त्यांना त्याचं मनोगत लिहावंसं वाटत नाही.

टायर बदलल्यानंतरच्या जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे निघून मी रोह्याहून थेट पेणला गेलो. पूर्वी एकदाच गेलो होतो, तीन तास वीस मिनिटं लागली होती आणि परत येताना सायकल टेम्पोत टाकली होती. खिंड उतरून नागोठण्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. पळस्पे ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. माझी सायकल त्या कामापेक्षा एका वर्षाने मोठी आहे, आणि दोघांचीही दुरुस्ती चाललेली. कुठे नवं काँक्रीट, कुठे अचानक वळणरस्ता, कुठे खडी. काँक्रीटवर टायरांचा एक बारीक, सलग सूर लागतो, दातेरी टायरांची ती घरघर नाही. आमटेम, कासू, गडब. शेतांत वालाच्या शेंगा भरलेल्या, एका बांधावर आदल्या रात्रीच्या पोपटीची राख आणि फुटलेलं मडकं. वडखळला ट्रकांच्या रांगेशेजारून जाताना उतरून चाललो, तिथे धाडस दाखवण्यात अर्थ नाही. पेणमध्ये शिरलो तेव्हा गणपतीच्या कारखान्यांसमोर माघातल्या मूर्ती उन्हात ठेवायला सुरुवात झालेली. दोन तास पंधरा मिनिटं.

आई पडवीत तांदूळ निवडत होती. "एवढ्या लवकर? कुठली गाडी मिळाली?"

"सायकलनं आलो."

ती उठून आली. मडगार्डला हात लावून बघितला, कॅरिअर हलवून बघितलं. "हे बरं केलंस. आधी नुसता सांगाडा होता." मग आत जाऊन पोह्याच्या पापडांचा मोठा डबा घेऊन आली आणि कॅरिअरवर ठेवून बघितला. बसला. "दोरी आहे का?" म्हणाली. "ह्यांच्या सायकलला असायची."

दोरी नव्हती. तिच्याच एका जुन्या नाडीने डबा बांधला.

काढलेले दातेरी टायर मी घराच्या जिन्याखाली ठेवले होते. गेल्या महिन्यात दहावीतला एक मुलगा ते मागायला आला. त्याच्या साध्या सायकलला नवा शॉकअप बसवलाय, आता जाड टायर हवेत. "सर, तुमच्या टायरला दात भारी आहेत. तुम्ही वापरत नाही ना?" मी म्हटलं, नाही. त्याच्या टायरवरचा आकडा विचारला, तो दशांशातलाच होता. चौसष्ट आणि एकशेनऊ पावलांचा हिशोब जिभेवर आला होता. तो नववीत असताना खडूची रेघ यानेच मारली होती.

टायर खांद्याला अडकवून तो निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि आतून जुना पंपही आणून दिला.